जुलाबाचा रकाना

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात ऊन लागलेल्यांसाठी वेगळा रकाना आहे. तो मी वर्षानुवर्षं कोरा ठेवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी साळसूद समजायला नको.

मी भिवंडीतल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स आहे. माहेर राहनाळचं. जिथे आमची भातशेती होती तिथे आता पत्र्याची गोडाऊनं आहेत. मे महिन्यातल्या दुपारी त्या पत्र्याखाली एखाद्या साहेबानं तासभर नुसतं उभं राहून दाखवावं! ट्रकमधला माल उतरवणारे गडी तिथे चक्कर येऊन पडतात आणि त्यांना माझ्याकडे आणतात. मी सलाईन लावते. उठून बसले की सगळ्यांचं एकच मागणं, सिस्टर, चिठ्ठीवर जुलाब लिहा.

कारण मुकादम. जुलाब म्हटले की तो दोन दिवस सुट्टी देतो, जुलाब त्यालाही होतात. पण ऊन लागलं असं लिहिलं, की गडी कच्चा ठरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस. म्हणून मी जुलाब लिहायची. चिठ्ठीवर जुलाब, मग रजिस्टरातही जुलाब. वाटायचं, गरिबाचं भलं करतेय. भलं कसलं, डोंबलाचं!

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊच आला, दोघांनी धरून आणलेला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. त्यालाही मी जुलाबच लिहिले. तिसऱ्या दिवशी तो परत पत्र्याखाली गेला.

पावसाळ्यात वरच्या साहेबांनी बैठक घेतली. हवामान बदलाचा आराखडा करायचा होता आणि या खेपेला त्यात लोकांच्या आरोग्याचाही विचार होणार होता. त्यातलं एक कलम ऐकून मी हरखलेच. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार गोडाऊनची कामं बंद. ज्या भागात ऊन लागलेले रुग्ण जास्त, तिथे आधी लागू. मला वाटलं, सुटला माझा भाऊ. मग पडद्यावर आमच्या दवाखान्याची ओळ आली. ऊन, शून्य. जुलाब मात्र सगळ्यांच्या वर.

मी उठून उभी राहिले. सांगितलं की ते जुलाब नाहीत, ते ऊनच आहे. साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि मऊ आवाजात विचारलं, "सिस्टर, अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच. आपलेच दात, आपलेच ओठ. दुपारची सुट्टी भलत्याच भागाला मिळाली. आमच्याकडे पाणी शुद्ध करायच्या औषधाचे खोके आले. अजून पडलेत टेबलाखाली. मला मुकादमाचा राग येतो, साहेबांचा येतो, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त माझाच येतो.

यंदा मे महिन्यात भाऊ पुन्हा पडला. या वेळी तर मला ओळखेना, आई आई म्हणत माझाच पदर ओढत होता. ओल्या चादरीत गुंडाळला, काखेत बर्फ ठेवला, आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. संध्याकाळी शुद्धीवर आला. माझ्या हातात पेन दिसलं तसा पहिलं काय बोलला?

"ताय, जुलाब लिव. घरात पोरी हायेत. मना काम पायजे."

मी उन्हाचा रकाना भरला. चिठ्ठीवरही तेच लिहिलं.

मुकादमानं त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं. आता तो काल्हेरला दुसऱ्या गोडाऊनवर जातो. तिथेही पत्राच आहे. आराखड्यात आमचा भाग घ्या म्हणून मी साहेबांकडे गेले, तर म्हणाले, एका रुग्णानं आराखडा बदलत नाही. आणि दुसरा रुग्ण येणार कुठून? गडी आता माझ्याकडे फिरकत नाहीत. धामणकर नाक्याजवळ एक डॉक्टर आहे, तो न विचारता जुलाब लिहून देतो म्हणे.

राखीपौर्णिमेला मी ओवाळायचं ताट करून दुपारपर्यंत बसले. भाऊ आला नाही. शेवटी वहिनीला फोन लावला. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "ते न्हाय येत. जुलाब झालेत त्यांना."