माझ्या जहाजावरचे बारावे डॉक्टर

बावीस वर्षं मी, गोष्ठ हालदारने, जहाजावर कंपाउंडरी केली. कलकत्त्याहून पोर्ट ब्लेअर आणि पोर्ट ब्लेअरहून कलकत्ता. तेवढ्यात अकरा डॉक्टर माझ्या डोक्यावर येऊन बसले आणि उठून गेले. जहाजाच्या वाट्याला येणारे डॉक्टर दोनच जातीचे. जमिनीवर ज्यांना आता कोणी विचारत नाही असे म्हातारे, नाहीतर ज्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही अशी पोरं. म्हाताऱ्यांच्या बाटल्या लपवायच्या आणि पोरांच्या चुका, हीच माझी नोकरी. मला दोन्हींचा वीट आला होता. त्यामुळे नीलांबर सरखेल नावाचा चोवीस वर्षांचा काटकुळा मुलगा पुस्तकांची पेटी छातीशी धरून शिडी चढला, तेव्हा मी नमस्कार केला आणि मनात म्हटलं, चला, बारावे आले.

सरखेल बंगाली खरा, पण वाढला जबलपूरला. वडील रेल्वेत डॉक्टर, घरात खानसामा, शाळा पाद्र्यांची. बंगाली बोलायचा तेही परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं, जपून. आणि त्या खेपेला खालच्या डेकवर होती पूर्व बंगालमधून घरदार टाकून आलेली ऐंशी कुटुंबं. सियालदहच्या फलाटावर वर्षं काढलेली माणसं. सरकार त्यांना अंदमानात जमीन देणार होतं.

हुगळीच्या पात्रात पाणी शांत असतं. तेवढ्या वेळात सरखेलने मला बोट लागण्यावर व्याख्यान दिलं. "गोष्ठदा, हे सगळं मनाचे खेळ. नजर क्षितिजावर ठेवायची, की झालं." सागर बेट मागे पडलं, जहाज डोलायला लागलं, आणि खेपेचा पहिला पेशंट म्हणून डॉक्टरच बादलीवर ओणवे झाले. मी गोळी दिली. तीही बादलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दाढेचं प्रकरण झालं. आमच्याकडे खलाशी साहेबलोकांशी स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने खलाशांचा मुकादम, सारंग, बोलतो, मग दुखणं कुणाचंही असो. आमचा सारंग सोनामिया, चितगावचा. तो भट्टीत कोळसा टाकणाऱ्या याकूब नावाच्या आगवाल्याला घेऊन आला आणि त्याने सगळं दुखणं स्वतःच्याच तोंडाने सांगितलं. कुठली दाढ, तेही स्वतःचाच जबडा उघडून दाखवलं. सरखेल समोर उभा. सारंगाची उजवी ती याच्या डावीकडे. याने मनातल्या मनात काय उलटसुलट केलं देव जाणे, पण याकूबच्या दुसऱ्या बाजूची धडधाकट दाढ काढून बशीत ठेवली. याकूब गाल धरून सारंगाकडे बघत राहिला. सारंगाने बशीत डोकावून पाहिलं.

"असू द्या डॉक्टरबाबू," तो म्हणाला, "ही पण म्हातारपणी दुखलीच असती."

मग खरी दाढ मी काढली. सरखेल बादलीजवळ बसून राहिला, कान लाल झालेले. त्यानंतर खलाशी आले की तोंड गच्च मिटून यायचे आणि बोटाने पोट दाखवायचे.

तरी पोरगं हार मानणारं नव्हतं. संध्याकाळी खालच्या डेकवर जाऊन खांबाला मिठी मारून त्याने भाषण ठोकलं. समुद्रावर मासे खाऊ नका, कोरडे चुरमुरे खा, म्हणजे उलट्या होणार नाहीत. ऐंशी कुटुंबं खदाखदा हसली. बरीसालची एक म्हातारी म्हणाली, "मासा सोडायला मी काय विधवा झाले, बाबा? म्हातारा बसलाय ना अजून समोर, डोकं खात!"

तिसऱ्या दिवशी सकाळी आचारी येऊन सांगून गेला की पुढच्या कोपऱ्यातल्या मंडलांच्या कुटुंबाने जहाजावर चढल्यापासून मासे घेतले नाहीत, नुसता भात आणि शिजवलेली भाजी. सरखेलचा चेहरा उजळला. "बघा गोष्ठदा! ऐकणारं कोणीतरी निघालंच."

मी बाटल्या पुसत राहिलो. त्याच कोपऱ्यात साडीचा आडोसा बांधला होता आणि त्याला कडुलिंबाची डहाळी लटकवली होती, ती मी जहाज सुटलं तेव्हाच पाहिली होती. बंगाल्याच्या घरात मासा बंद होतो तो सुतकात, नाहीतर घरात मातेची दया झाली की. तुमच्याकडे देवी आल्या म्हणतात, तेच. नाव घेत नाहीत, औषध देत नाहीत, आणि डॉक्टरला तर सुगावाही लागू देत नाहीत. मला कळलं होतं. पण देवीचा रोगी निघाला की बंदरात पिवळं निशाण चढतं आणि अख्खं जहाज सोळा दिवस किनाऱ्यासमोर उभं राहतं. मी ते दोनदा भोगलं होतं. तिसऱ्यांदा माझ्यात बळ नव्हतं. शिवाय म्हाताऱ्या अविनाश मंडलने चढतानाच माझे हात धरून म्हटलं होतं, "हालदारबाबू, एकदा त्या जमिनीवर पाय टेकू द्या." तेव्हा मला वाटलं होतं, आनंदाने म्हणतोय.

सरखेल मंडलांना शाबासकी द्यायला निघाला. मी मागोमाग गेलो. अविनाश आडोशासमोर उभा राहिला.

"मासे सोडलेत, फार चांगलं केलंत," सरखेल म्हणाला. "आणि कडुलिंबसुद्धा! डासांसाठी ना?"

"होय बाबा, डासांसाठी," अविनाश म्हणाला. भर समुद्रात डास!

एवढ्यात जहाज कलंडलं आणि आमचे डॉक्टर साडीच्या आडोशासकट आत जाऊन पडले. आत अविनाशची सून होती, क्षीरोदा. एकोणीस-वीस वर्षांची असेल. सरखेलचं तोंड तिच्या पावलांवर आपटलं. तो उठला तेव्हा तिच्या तळपायांवरच्या फोडांकडेच बघत होता.

फोडांची बातमी वर पोचली आणि दुपारी कॅप्टनने आम्हाला दोघांना बोलावलं. कॅप्टन इराणी रागावत नसत, नुसते दमलेले दिसत. "डॉक्टर, कांजिण्या असतील तर जहाज धक्क्याला लागेल. देवी असतील तर नाही. काय लिहू?"

"मी कांजिण्या पाहिल्यात, सर. देवी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिल्या."

"मग संध्याकाळपर्यंत ठरवा."

बाहेर आल्यावर तो कठड्याला टेकला. चेहरा हिरवा पडलेला. "गोष्ठदा, तुम्ही बावीस वर्षं बघताय. मला काही कळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही म्हणाल ते लिहितो. काय आहे ते?"

मी तिचे फोड पाहिले होते. तोंडावर, तळहातांवर, तळपायांवर, सगळे एकसारखे भरलेले. आंधळ्यानेही हात लावून सांगितलं असतं, देवी.

"कांजिण्या," मी म्हणालो. "लिहून टाका आणि मोकळे व्हा."

तो "बरं" म्हणाला. पण गेला कुठे, तर पुस्तक घेऊन परत तिच्याच आडोशात. पुस्तक मांडीवर, बादली बाजूला. एक ओळ वाचायचा, तिचा हात उलटा करून बघायचा, मग बादली. क्षीरोदा तापाने फणफणलेली, पण तिलाच त्याची दया आली. "डॉक्टरबाबू, तुम्ही आडवे व्हा हो जरा. मी काही पळून जात नाही."

संध्याकाळी त्याने कॅप्टनना कागद दिला. देवी.

अविनाशने त्याला शिव्या घातल्या. असल्या शिव्या मी खिदिरपूरच्या गोदीतही ऐकल्या नव्हत्या. "तीन वर्षं फलाटावर कुत्र्यासारखं राहून जमीन मिळाली आणि हा दुधाच्या दातांचा पोर ती हिसकावून घेतोय! तुझं तरी घर उभं राहील का रे!" सरखेलने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, तुमच्या सुनेला टोचलं होतं का?" नव्हतं. निघण्याआधी सरकारी छावणीत टोचायच्या दिवशी ती माहेरच्यांकडे होती, म्हणून तिच्या नावावर नणंदेनेच दुसऱ्यांदा हात पुढे केला होता.

पोर्ट ब्लेअरला आरोग्य अधिकारी लाँचमधून वर चढले. क्षीरोदाला पाहून त्यांनी मान हलवली. देवीच. मग सरखेलचा अहवाल वाचला आणि, सरखेल पलीकडे कठड्यावरून ओकत असताना, अधिकाऱ्यांनी माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"शाबास, हालदार. ह्या पोराला काय कळणार होतं? त्यानेच लिहिलंय, रोग तुम्हीच ओळखलात म्हणून. ही बाई गर्दीत उतरली असती तर सगळी वस्ती साफ झाली असती."

मी तो हात हातात घेतला. काय करणार होतो?

सोळा दिवस किनाऱ्यावरची माडाची झाडं मोजत आम्ही उभे राहिलो. सगळ्या जहाजाने अडकल्याबद्दल डॉक्टरला शाप दिले आणि, अधिकाऱ्यांचं बोलणं पसरलं तसा, मला दुवा दिला. कंपाउंडरबाबू होते म्हणून वाचलो, नाहीतर ह्या दाढ-उपट्याने मारलं असतं, असं बायका उघड म्हणायच्या. सरखेल ऐकायचा आणि टोचत सुटायचा. टोचून झाल्यावर क्षीरोदाजवळ जाऊन बसायचा. बाकी कुणाला लागण झाली नाही. ती वाचली. चेहऱ्यावर खड्डे राहिले आणि एका डोळ्यात फूल पडलं. जमीनही मिळाली. सरकारी काम, सोळा दिवसांत कुठलं पुढे सरकतंय! उतरताना अविनाशने माझ्या पायांना हात लावला. डॉक्टरच्या समोरून तो मान फिरवून गेला.

डेक रिकामा झाला. सरखेल पेटीत पुस्तकं भरत होता. परत कलकत्त्याला पोचलं की नोकरी सोडणार होता.

मला राहवलं नाही. "ते तसं का लिहिलंत? तुम्हाला कळलं नव्हतं का, मी खोटं बोललो ते?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "आधी फार राग आला. मग वाटलं, मी आलो तसा निघून जाईन. तुम्हाला इथंच राहायचंय." तो पुस्तकावरचं मीठ पुसत राहिला. "आणि तुम्ही वाईट नाही हो, गोष्ठदा. तुम्ही फक्त फार दमलाय."

बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. तो गोंधळला, खिसे चाचपू लागला, आणि मग त्याने मला बोट लागल्यावरची गोळी दिली.