पाण्याखालचे वावर

टावर जिकडे जायचा तिकडे त्याची पाठ असायची. वल्हवणाऱ्याला तसेच बसावे लागते. तोंड मागे सुटलेल्या काठाकडे आणि पाठ पोचायच्या जागेकडे. गावाला हे कधी पटले नाही. "पाठ दाखवून कोणी शर्यत जिंकते का बे?" असे धरणावर म्हशी धुणारा माणूसही त्याला विचारायचा. तो हसून म्हणायचा, "समोरचं दिसलं असतं तर बसलोच नसतो."

टावर म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची उंची आणि गावात तेव्हा नवाच उभा राहिलेला मोबाइलचा टावर यांची सांगड गावानेच घातली. तो सुटीवर आला की पारावरून हाक यायची, "ओ टावर, रेंज भेटून राहिली का?" त्या उंचीमुळेच अकोल्याच्या भरतीत फौजेने त्याला घेतले आणि हातांची लांबी पाहून पुण्याला नौकानयनाच्या केंद्रात नावेत बसवले.

आमचे जुने गाव अचलपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होते. मी शाळेत असताना तिथे धरण झाले. गाव, देऊळ आणि आमचे काळ्या मातीचे वावर पाण्याखाली गेले. आम्ही वर माळावर आलो. त्या नव्या वस्तीला लोक आजही पुनर्वसनच म्हणतात. बाबांनी त्यानंतर धरणाकडे पाहणे सोडले. मुलगा पाण्यावर नाव चालवतो याचा त्यांना अभिमान नव्हता. ते पाणी त्यांच्या लेखी चोर होते. टावरचे मात्र उलटे. मला तो एकदा म्हणाला, "ताई, पुण्यात पयल्यांदा नावेत बसलो तवा वाटलं, खाली आपलं वावर असंन. म्हणून तर एवढ्या जोरानं ओढतो."

आशियातल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड होत आली होती, आणि ऐन वेळी खांदा दुखावला. शिबिरातून त्याला घरी पाठवले. उन्हाळ्यात शेवटची चाचणी होती. ती हुकली तर वयामुळे पुन्हा संधी नव्हती. त्याने पुण्याच्या केंद्राने मोडीत काढलेली एकट्याची नाव मागून घेतली आणि अकोटच्या कापसाच्या जिनिंगला रिकाम्या परतणाऱ्या ट्रकच्या टपावर बांधून आणली. पहाटे पाणी, दुपारी पाठीवर दगडगोट्यांचे पोते घेऊन टेकडी, संध्याकाळी पुन्हा पाणी. भाकऱ्या तो अशा खायचा की आई म्हणायची, "तुह्या जेवणात बैलजोडी पोसली असती रे."

पण त्या वर्षांत पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येई. हिवाळा संपायच्या आतच धरण मागे हटू लागले. आधी देवळाचा कळस वर आला, मग वाळलेल्या आंब्याची फांदी, मग शाळेची भिंत. गाळाचा आंबूस वास थेट घरात यायचा. उघड्या पडलेल्या गाळात लोक डांगराच्या आणि काकडीच्या बिया टाकतात. याला गाळपेर म्हणतात. आमचे वावर खोलगटात असल्याने कधीच उघडे पडले नव्हते. त्या वर्षी ते पडणार होते. बाबा पुन्हा धरणावर जाऊ लागले. बापलेक दोघांचेही डोळे पाण्याच्या कडेवर. एकाला ते उतरायला हवे होते, दुसऱ्याला टिकायला.

होळीच्या सुटीत मी अमरावतीहून घरी गेले, तेव्हा जेवताना हेच चालले होते.

"आणखी थोडं उतरलं की आपला धुरा दिसते," बाबा म्हणाले. धुरा म्हणजे वावराचा बांध.

"चाचणीपर्यंत तरी राहू द्या ना बाबा."

"मी काय नळ फिरवून राहिलो काय?"

टावर हसला, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

नाव सरळ जायची तर मागे सुटलेल्या काठावर एक खूण धरावी लागते. तो एका पळसाकडे पाहून वल्हवायचा. पाणी आटत गेले तसा पळस फार मागे आणि बाजूला राहिला, आणि गाळावर दुसरे झाड नव्हते. तेव्हा त्याने बाबांना पाण्याच्या कडेला उभे राहायला सांगितले.

"म्हंजे बुजगावणं करतं का मले?"

"हो. पण हालायचं नाई."

बाबा कुरकुरले आणि पांढरा दुपट्टा डोक्याला बांधून उभे राहिले. रोज पहाटे, पाणी मागे सरके तसे तेही पुढे सरकत. मुलाला इतका वेळ त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि त्यानेही त्यांना. मी परत निघाले तेव्हा टावर फाट्यावर एसटीपर्यंत आला होता. म्हणाला, "बाबा रोज माह्या डोळ्यासमोर लहान लहान होत जाते. मंग मी वापस आलो की मोठे होते. लई लहान झाले की जीव घाबरते, ताई." तेवढ्यात एसटी आली.

पुढचे मला बाबांनीच सांगितले, तुकड्यातुकड्याने. त्या पहाटे नाव दूर गेल्यावर त्यांना डाव्या हाताला काळी रेघ दिसली. आमचा धुरा. ते खुणेची जागा सोडून निघाले. वावरातली वाट त्यांच्या पायांना पाठ होती, म्हणून खाली पाहिले नाही. वाटेतच आमची विहीर होती, धरणाच्या गाळाने भरलेली, वर सुकून भेगाळलेली साय. विहीर कुठे आहे हेही त्यांना पाठ होते. पण बांधलेले तोंड केव्हाच ढासळून ती दुप्पट रुंद झाली होती, आणि साय त्यांच्या पायाखाली फुटली.

टावरला पाण्यावरून सगळे दिसले. खूण सरकली, मग बुटकी झाली. सराव मध्येच तोडायचा नाही हा त्याचा नेम. त्या दिवशी तोडला. नाव गाळात रुतेपर्यंत आणली, दोन्ही वल्ही आडवी टाकून त्यांवरून सरपटत आला. बाबांच्या बगलेखाली खांदा दिला, तोच दुखरा, आणि त्यांना वल्ह्यावर ढकलले. म्हणाला, "बाबा, आता हाला." त्या जोराने त्याच्याखालचा विहिरीचा काठ सुटला. शेजारच्या गाळपेरीतली माणसे दोर घेऊन पोचली तेव्हा वल्ह्यावर बाबा एकटेच होते.

त्यानंतरच्या वर्षांतही धरण आटले, आमचे वावर पुन्हा उघडे पडले. आजूबाजूला डांगरांचे वेल पसरतात, मधला तेवढा तुकडा काळा राहतो. बाबांनी तिथे बी टाकले नाही, कोणाला टाकू दिले नाही. मी फोन केला की ते माझी खुशाली नंतर विचारतात. आधी म्हणतात, "अमरावतीले पाऊस आला का? अथी पाणी उतरून राहिलं, बाई."