खुंटीवरचे सूप

पद्माक्का चौगुले यांची आणि माझी पहिली ओळख शिंकांनी झाली. लढाईचे दिवस होते. यजमान नुकतेच पलटणीबरोबर परमुलखात गेलेले, आणि मी सासूबाईंना घेऊन कडेगावहून सांगलीला आले होते. हळदीच्या वखारीत निवडणीच्या कामाला बाया घेतात असे कळले, म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले. धूळ नाकात गेली आणि मी अशी शिंकू लागले की, तिथल्या मुकादमीणबाईंना माझे नाव चार वेळा विचारावे लागले. त्यांनी माझ्या हातात सूप ठेवले आणि म्हणाल्या, "शिंक, शिंक. आठ दिसांत नाक गप बसतंय. मग वास न्हाई आला, तर चुकल्यागत हुईल बघ वच्छे."

त्या मुकादमीणबाई म्हणजेच पद्माक्का. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. असे गौरवग्रंथ पंडितांचे आणि पुढाऱ्यांचे निघतात, वखारीतल्या मुकादमिणीचा कशाला, असे काही जणांनी विचारले. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच माझी नम्र विनंती.

आम्ही तीस बाया ओळीने बसायचो. प्रत्येकीची जागा ठरलेली आणि मागच्या भिंतीत प्रत्येकीची खुंटी. हळकुंडे एकीकडे, गड्डे दुसरीकडे, माती आणि काड्या पाखडून बाहेर. संध्याकाळी निवडलेला ढीग पाहून दिवाणजींनी मान हलवली की घरी जायचे. नियम एकच होता : जागा सोडली की गेली. मुंबईकडच्या गिरण्यांत बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, असे आम्ही ऐकून होतो. तो आमच्या संस्थानातल्या वखारीचा उंबरा ओलांडून काही आला नव्हता. त्यामुळे बाया कळा येईपर्यंत पाखडत बसत आणि बारसे उरकले की परत येत. पद्माक्का स्वतः पहिल्या खेपेला तेराव्या दिवशी कामावर आल्या होत्या. अंगावरचे दूध आटले आणि ते मूल राहिले नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि सांगताना हातातले पाखडणे थांबवले नाही.

मला सातवा महिना लागला तेव्हा मी एक दिवस सुपावर डोके टेकून रडले. जागा गेली तर खायचे काय, आणि राखली तर मूल कसे जगायचे, हा एकच विचार. पद्माक्कांनी माझ्या हातातले सूप काढून घेतले, ते उपडे करून माझ्या खुंटीला अडकवले आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही वच्छीची जागा. तीन म्हयने हितं कुनी बूड टेकायचं न्हाई. अन् तिच्या वाटनीची हळद आपुन समद्यांनी एकेक सूप जादा निवडायची."

पुढचा प्रसंग बायांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की, मी तिथेच होते असे वाटते. मी बाळंतपणासाठी कडेगावला गेल्यावर दिवाणजी एक नवी बाई घेऊन आले आणि माझ्या जागेकडे बोट दाखवू लागले. पद्माक्का उठल्याही नाहीत.

"आवं दिवाणजी, सांजचा ढीग पुरा हाय न्हवं?"

"पुरा आहे."

"मग सूपं कशाला मोजतायसा?"

दिवाणजी नव्या बाईला घेऊन आल्या पावली परतले. त्या काळात मजुरी मिळायची नाही, ते आमच्या कुणाच्या हाती नव्हते. पण जागा राहिली. मुलगी झाली, शकू. तिला पाहायला पद्माक्का कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून धक्के खात कडेगावला आल्या आणि अळिवाचे लाडू घेऊन आल्या. त्यांच्याविषयी आदर राखूनही सांगते, ते लाडू पाट्यावर फोडावे लागले. पण मी सगळे खाल्ले.

तीन महिन्यांनी परत आले, तेव्हा खरी अडचण पुढे आली. लेकरे पडवीत झोळ्यांमध्ये असायची, सासूबाई झोके द्यायच्या. पण पाजायची मुभा फक्त दुपारच्या जेवणाला. मधे कुणी चोरून उठली, तर दिवाणजी पडवीत एक चक्कर मारून लगेच ओळखायचे. ज्या पोराच्या गालावर ताजी पिवळी बोटे, त्याची आई चोर! म्हणून बाया आधी हात धुऊन मग पोराला हात लावायच्या. एके दिवशी शकूने असा टाहो फोडला की, मी भान विसरून तशीच धावले. तिच्या गालावर, टोपड्यावर, पाठीवर माझी पाचही बोटे उठली. दिवाणजींनी ती पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या ये," पद्माक्का मला वेशीपर्यंत सोडायला येताना म्हणाल्या. "अन् लवकर ये."

दुसऱ्या दिवशी दिवाणजी पडवीत आले आणि जागीच उभे राहिले. सातही झोळ्यांमधली सातही लेकरे कपाळापासून टाचेपर्यंत पिवळीधमक! पद्माक्कांनी भल्या सकाळी बसून एकेकाला माखले होते.

"हे काय?"

"लेकरांस्नी हळद लावली. हळदीच्या वखारीत हळदीला बंदी हाय व्हय?"

दिवाणजी तावातावाने विश्रामबागेतल्या बंगल्यावर गेले आणि वखारीचे मालक शेठजी यांना घेऊनच आले. मी माझ्या जागेवर मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात शकू रडायला लागली. उठायची सोय नव्हती आणि पान्हा ऐकेना. चोळी भिजली, ती मी पदराने झाकली. इतकी लाज आणि इतका राग मला एकाच वेळी कधी आला नव्हता.

शेठजी म्हणाले, "पद्माक्का, काय चालवलंय हे?"

पद्माक्का पुढे झाल्या. "शेठ, तुमी मला धाकल्या भावासारखं. एक सौदा करायचा हाय. हात द्या." आणि त्यांनी आपल्या हातावर रुमाल टाकला.

आमच्या पेठेत हळदीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटे दाबतात, आणि एकदा "दिला" म्हटले की तो शब्द कुणी फिरवत नाही. शेठजींचा जन्म त्या पेठेत गेलेला. रुमाल दिसला आणि त्यांचा हात आपसूक पुढे झाला. वखारीत कुणी पाखडेना, सारे डोळे त्या रुमालावर. आत काय चालले होते ते नंतर कळले : पद्माक्कांनी दोन बोटे दाबली, म्हणजे जेवणाखेरीज दिवसातून दोनदा पाजायला सोडायचे. शेठजींनी एक दाबले. पद्माक्कांनी मान हलवून पुन्हा दोन. शेठजींनी पुन्हा एक. शकूचे रडणे थांबत नव्हते. शेठजींनी पडवीकडे पाहिले, त्या पिवळ्या पोरांकडे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना.

"दिला," ते म्हणाले.

मी उठले आणि धावले. त्या दिवशी हात धुतले नाहीत.

तेव्हापासून आमच्या वखारीत दिवसातून दोनदा थाळी वाजते आणि पद्माक्का ओरडतात, "चला गं, लेकरांचा सौदा!" खुंटीवर उपडे सूप दिसले की नवी बाईही विचारत नाही, त्या जागेला वळसा घालून जाते. पुढे शेजारच्या दोन वखारींनीही ही रीत उचलली. आणि दिवाणजींची सून, जी शाळेत शिकवते, तिला दिवस गेले तेव्हा शाळेकडे रजा कशी मागावी, हे विचारायला दिवाणजी स्वतः पद्माक्कांकडे आले. पद्माक्कांनी टोमणा मारला नाही. फक्त अळिवाचे लाडू बांधून दिले. दिवाणजींच्या दातांची मला काळजी वाटली.

मी चौथीपर्यंत शिकले आहे, हे कळल्यावर पडवीतल्या पोरांना अक्षरे गिरवायला लावण्याचे काम पद्माक्कांनी माझ्यावर टाकले. आज मी तीच छोटी शाळा चालवते, आणि हा लेख लिहिते आहे तोही त्यांच्याच धाकाने. शकू आता तिसरीत आहे आणि तिला शाळेत सगळ्यांहून मोठ्या आवाजात कविता म्हणता येते. आवाजाची तालीम पडवीतच झाली.

गेल्या महिन्यात पद्माक्का कृष्णेच्या घाटावर पाय घसरून पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांना एकच घोर, आपली जागा. आम्ही भेटायला गेलो आणि त्यांचे सूप उपडे करून खुंटीला अडकवल्याचे सांगितले, तर त्या भडकल्याच. "या वयात मला बाळंतपन हाय व्हय गं, भवान्यांनो?" म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे वळवले. पण खांदे हलत होते, ते मी पाहिले.

पद्माक्का, देव तुम्हांला निरोगी शंभर वर्षे देवो. आमच्या लेकींची बाळंतपणे अजून व्हायची आहेत आणि त्यांच्या लाडवांचा जिम्मा तुमचाच आहे. पाय पुरता बरा होऊ द्या, घाई करू नका. तुमच्या जागेवर कुणी बसलेले नाही. आम्ही एकेक सूप जादा निवडतो आहोत, आणि रोज संध्याकाळी ढीग पुरा भरतो.