आल्याच्या मुळीसारखा जीव

नगरच्या कापडबाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या लालमहंमद शेखच्या हातून त्या आठवड्यात एकच बारीक स्क्रू दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा तो शोधायच्या ऐवजी लालमहंमद उठला आणि मागच्या घरात गेला. तिथे खिडकीशी काचेची टाकी होती. टाकीत समुद्राचं पाणी, पाण्यात एक दगड आणि दगडावर आल्याच्या मुळीसारखं बोटं फुटलेलं काहीतरी. एरवी त्या बोटांवर बारीक फुलोरा असायचा. आता सगळं मिटून गेलं होतं आणि वर मेणकट पापुद्रा धरला होता. सकाळीही तसंच होतं.

मुंबईच्या मत्स्यालयात अशी टाकी पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात ते वेड शिरलं होतं. त्याचा दोस्त भिमाजी ट्रकवर होता. साखरेची पोती घेऊन कोकणात जायचा आणि येताना प्लॅस्टिकच्या कॅनांतून समुद्राचं पाणी आणायचा. हा दगडही त्यानेच आणलेला, मालवणच्या एका मच्छीमाराकडून. मच्छीमार म्हणाला समुद्रफूल, म्हणून लालमहंमदही समुद्रफूल म्हणू लागला. दिवसभर डोळ्याला भिंग लावणाऱ्या माणसाने त्याकडे भिंगातून कधी पाहिलं नव्हतं.

साल बहात्तरचं. नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही तासभर. टाकीतलं पाणी उन्हाने उडायचं आणि रोज तांब्याभर वर घालावं लागायचं. बायकोने, हमिदाने, एकदा रिकामा हंडा त्याच्यापुढे आपटला, तेव्हापासून लालमहंमदने घरातलं पाणी घेणं बंद केलं आणि कॅनमधलंच खारं पाणी वर ओतायला लागला. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायचं, त्याला ते सरळ वाटलं. पाणी उडतं पण मीठ खालीच राहतं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा काचेच्या कडेला पांढरा थर जमला होता आणि तो जीव मिटून गेला होता.

आता खारटपणा उतरवायला बादलीभर गोडं पाणी हवं होतं.

"बादली?" हमिदा म्हणाली. ती जामखेडकडची, बोली अजून तिकडचीच. "अवो, पोरांच्या आंघोळी आठवड्यातनं एकदा चालल्यात, आन् तुमच्या त्या मुळीला बादली?"

"एकदाच लागंल."

"मेलं आसंल तर?"

लालमहंमदने टाकीकडे पाहिलं.

"जित्तं हाय आसं सांगा, देते. मेल्याला पानी पाजायचं न्हाई मला. आन् नासायच्या आधी समदी टाकी रिकामी करा."

लालमहंमद तसाच कॉलेजात गेला. तिथे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मुळे सरांचं घड्याळ दुरुस्तीला त्याच्याकडेच यायचं.

सगळं ऐकून सर म्हणाले, "शेखभाई, समुद्रफूल असेल आणि असं मिटून पापुद्रा धरला असेल, तर आशा नाही. काढून टाका, नाहीतर पाणी नासेल. पण मऊ प्रवाळ असेल तर गोष्ट वेगळी. त्यातली काही मधूनमधून मिटतात, कात टाकतात आणि पुन्हा फुलतात. फुलोऱ्यातल्या एकेका फुलाच्या भुजा मोजल्यात का? आठ आणि पिसासारख्या असतील तर प्रवाळ."

"मिटलंय म्हणून तर आलो ना सर!"

सर हसले. "मग बुडापासून मुगाएवढा तुकडा काढा. ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात टाका. मांस विरघळेल. तळाशी चुन्याच्या सुया राहिल्या तर मऊ प्रवाळ. समुद्रफुलाचं काहीच उरत नाही. मात्र यावरून कोण आहे एवढंच कळेल. जगलंय की नाही, ते नाही कळणार."

ब्लिचिंग पावडर त्या वर्षी गल्लोगल्ली होती, विहिरींत टाकायला नगरपालिकेने दिलेली. तुकडा कापताना मात्र लालमहंमदने दोनदा पातं मागे घेतलं. शेवटी कापला, घड्याळाच्या काचेत ठेवला, वर पावडरचं पाणी ओतलं. तुकडा फेसाळून दिसेनासा झाला. तळाशी पांढरे कणच कण. तो ओरडणार होता, पण भिंगातून पाहिलं तर त्या कणांना ना टोक ना आकार. ती पावडरच होती, घाईत न निवळताच ओतलेली.

पुन्हा कापायचं? त्याने टाकीभोवती फेऱ्या घातल्या, दुकानात गेला, गिऱ्हाईकाला उद्या या म्हणाला, परत आला. या वेळी पाणी निवळू दिलं आणि वरचं नितळ पाणी तेवढं घेतलं. तुकडा विरला. काचेत दोन्हीकडे टोक असलेल्या बारीक सुया उरल्या, साळीच्या तुसासारख्या. भिंगाशिवायही दिसत होत्या.

"हमिदा, प्रवाळ हाय! समुद्रफूल न्हाई!"

"आन् जित्तं हाय का?"

"ते... न्हाई सांगता येत. पन ही जात कात टाकती. जित्तं आसू शकतं."

हमिदा चुलीकडे वळली. "मी इचारलं एक, तुमी सांगता दुसरंच."

बादली तिने दिली नाही. तांब्या दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, न मागता. लालमहंमद टाकीतलं खारं पाणी तांब्याभर काढायचा आणि तेवढंच गोडं घालायचा. दर तासाला दुकानातून उठून बघायला जायचा. भिमाजी येऊन बसला, म्हणाला, "लालू, बाळंतिणीची चौकशी केल्यागत चाललंय तुझं."

नळाला पाणी यायच्या दिवशी पापुद्र्याची एक कड सुटली. लालमहंमदने चिमट्याने ती ओढली नाही, हात मागे घेऊन उभा राहिला. दुपारपर्यंत पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा पाण्यात हलत होता आणि खालच्या एका बोटावर फुलोरा उमलला होता. त्याने भिंग लावून मोजलं. आठ. पिसासारख्या.

हमिदा हंडा घेऊन दारात उभी होती. "फुटलं का?"

"फुटलं."

"मग आता दुकानात जावा. सकाळधरनं दोघं येऊन गेले."

तो निघाला, पण दोन पावलांवर थबकला. दगडाच्या मागच्या अंगाला शर्टाच्या गुंड्यांएवढे तपकिरी गोळे होते. इतके दिवस त्याने त्यांना शेवाळ समजून सोडलं होतं. त्यातल्या एकाच्या कडेला काहीतरी हललं.

लालमहंमदने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"अवो," हमिदा म्हणाली, "आता त्ये काय?"