दर शनिवारचा तो

इंग्लंडातल्या फुटबॉल लीगमधला एक संघ माझा आहे, आठवीपासून. नाव सांगत नाही. सांगितलं तेव्हा लातुरात कुणाला कळलं नव्हतं, आणि आता नांदेडच्या ऑफिसातही कळत नाही. मोठ्या संघांचे चाहते आपल्याकडंही सापडतात, त्यांचे टी-शर्ट लातूरच्या गंजगोलाई बाजारात टांगलेले असतात. माझा संघ कायम तळाशी. टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तेव्हा सडकून मार खात होता, आणि त्याची माणसं स्टँडमध्ये उभी राहून गात होती. मला ती माणसंच आवडली. झालं, जीव जडला तो जडला.

मला नोकरी लागली, घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं, आणि नेमका त्याच उन्हाळ्यात आमचा संघ बुडायला आला. तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. शनिवारची संध्याकाळ झाली की मी मोबाइल घेऊन गच्चीवर. एकटीच हसायचे, कपाळ बडवायचे, डोळे पुसायचे. मुदखेडची आत्या राहायला आली होती. तिनं हे जिन्यातून पाहिलं आणि अप्पांना जाऊन सांगितलं, "दादा, पोरीचं कुठंतरी हाय. दर शनिवारी बोलून राहिली कुणाशी तरी. लई रडवतो तिला."

अप्पा मास्तर. ओरडले असते तर मी भांडले असते. ते गप्पच झाले. माझी पोरगी माझ्यापासून काही लपवत नाही, असं चारचौघांत मिरवणारा माणूस माझ्याकडं बघेना. माझ्या हातच्या चहाशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं, ते स्वतः उठून गॅस पेटवू लागले. मला ते फार लागलं.

हंगामाची शेवटची मॅच रविवारी होती. ती सुरू असतानाच अप्पा गच्चीवर आले.

"कोण हाय तो?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "एक नाही अप्पा, अकरा आहेत."

अप्पांनी कठडा धरला. तेव्हा मात्र मी घाबरले. त्यांना सतरंजीवर बसवलं, मोबाइल पुढ्यात धरला. "हे बघा. हेच ते."

"आपले कोणते?" एवढंच विचारून ते बघत बसले. आपले हरले आणि खाली गेले. मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले.

"आगं बाई! चेंडूपायी?" जिन्यातून आत्या म्हणाली.

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. "कधीपासून चाललंय हे रडणं?"

"आठवीपासून."

"आन् तरी सोडलं न्हाईस?"

"कसं सोडू अप्पा? आपले आहेत ते."

 अप्पा म्हणाले, "ह्यांच्यासाठी रड माय, पोटभर रड. पण उद्या लग्न झाल्यावर नवऱ्यानं असं रडवलं, तर आपला हाय म्हणून बसून राहायचं न्हाई. सरळ बस धरायची आन् घरी यायचं."