थिएटरमधून घरी येणारा नवरा

माझे यजमान मुळात अबोल. अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होते. लग्नानंतर कित्येक महिने मला वाटायचं, मी यांना आवडतच नाही. मग एकदा त्यांच्या लाडक्या हिरोचा सिनेमा पाहायला गेलो. त्यात तो प्रेमवीर होता. परतताना स्कूटरवर हे जे बोलायला लागले, ते घर आलं तरी थांबेनात. सकाळी चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या, राणीसरकार." हा असर दोन-तीन दिवस टिकला.

पण हिरो काय एका साच्यातला होता? आज प्रेमवीर, उद्या दारुडा, परवा फौजदार. तो पडद्यावर जो होई, तोच माझ्या घरी येई. फौजदार आला की भाजीत मीठ कमी का, याची चौकशी बसायची. मग मीही हुशार झाले. शेजारीण पहिल्या दिवशीच सिनेमा पाहून यायची, तिला आधी विचारायचे, "यात तो काय हाय वो?" ती वकील म्हणाली की माझं डोकं दुखायला लागायचं. एकदा म्हणाली, "भल्ला जीव लावते हिरोइनले." इंटरव्हलनंतर तो संन्यास घेतो, हे सांगायचं विसरली बाई. आठवडाभर घरात चिडीचूप.

लोक त्याचा अभिनय पाहायला जायचे. मी नवरा बोलता व्हावा म्हणून जायचे.

पुढे अमरावतीला घर बांधलं. हे रिटायर झाले, आमच्याबरोबर हिरोही पिकला. मागच्या एका सिनेमात तो बायको गेलेला म्हातारा होता, हातानं करून खाणारा. दुसऱ्या दिवशी पाहते तर हे कणीक मळताहेत.

"काहून करून राहिले हे?"

"शिकून घेतो म्हटलं."

"अन् मी काय मरून राहिली का?"

दोघंही पोट धरून हसलो. पण या वेळचा असर उतरलाच नाही. वरणभात झाला, पिठलं झालं, ज्वारीची भाकरही जमायला लागली. एकटं राहायची सगळी तयारी त्यांनी केली आणि थंडीत तेच गेले. मी कसलीच तयारी केली नव्हती.

परवा त्याच हिरोचा नवा सिनेमा लागला. एकटीच गेले. पांढऱ्या केसांचा तो एका बाईच्या प्रेमात पडला होता, आणि असा लाजला की सगळ्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. या वयातही काय काम करतो मेला! माझ्या मनात आलंच, चला, आता दोन-तीन दिवस मजेत जातील.

मग लाइट लागले. बाजूच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स होती. ऑटोत बसले, घर येईस्तोवर गप्प. कुलूप मीच उघडलं. तो पडद्यावर काहीही होवो, माझ्या घरी आता कोणी येत नाही.