तीन शब्दांची साक्ष

माझे काका लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसाचा निम्मा वेळ गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचा, म्हणून लोक त्यांना ‘वरचे काका’ म्हणत. "वरचे काका गेले का?" असं कुणी विचारलं की ते जिन्यातूनच ओरडत, "अजून वेळ आहे हो!"

सहा वर्षांपूर्वी तो विनोद बंद झाला.

जुन्या लिफ्टचं दार हाताने उघडायचं असतं. ते नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र ही अडवणूक थोड्या वेळापुरती बाजूला ठेवावी लागते. त्यासाठी पॅनेलमध्ये वीतभर वायर जोडतात, तिला जंपर म्हणतात. मग दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. काम संपलं की जंपर काढायचा. त्या दुपारी काकांनी तो लावला, बिघाड शोधून दुरुस्त केला आणि तेवढ्यात फोन आला. दोन गल्ल्या पलीकडे एक गरोदर बाई लिफ्टमध्ये अडकली होती. काका पॅनेलचं झाकण लावून धावत सुटले. दहा मिनिटांत त्यांनी तिला बाहेर काढलं. जंपर झाकणामागेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दार उघडून एक पाय आत टाकला. नेमकं त्याच वेळी सातव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

त्यांचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

पहिला फोन काकांनाच गेला. त्यांनी वर जाऊन झाकण उघडलं, वायर काढली आणि खिशात टाकली. "काही लपवतोय असं वाटलंच नाही, हात सवयीने चालला," असं ते सांगतात. मग स्वतःच ते खोडतात. "नाही रे. वाटलं होतं."

खाली सोसायटीचे सेक्रेटरी आणि काकांच्या कंपनीचे साहेब उभे होते. लोक वरच्या मजल्यावर दार उघडं टाकून जातात, लिफ्ट अडकते आणि वॉचमनला सात मजले चढावे लागतात. म्हणून काही वॉचमन दाराच्या कुलपात पुठ्ठ्याचा तुकडा खुपसून ठेवतात, म्हणजे दार लागलंय असं समजून लिफ्ट चालत राहते. इथल्या वॉचमनला त्यावरून एकदा तंबीही मिळाली होती.

"त्यानेच केलं असेल का?" साहेबांनी विचारलं.

"करतात कधी कधी," काका म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काका आयुष्यात काय शिकले असं विचारलं, तर ते एवढंच सांगतात: फसवायला खोटं बोलावं लागतंच असं नाही.

संध्याकाळपर्यंत वॉचमनची नोकरी गेली, नोकरीबरोबर जिन्याखालची खोलीही.

घरी काकूने विचारलं, "तोंड का असं?"

"दमलोय."

सतरा दिवस ते दमलेलेच होते. अठराव्या दिवशी साहेबांसमोर जाऊन त्यांनी जंपरचं सांगितलं. साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं.

"वायर कुठाय?"

"फेकली."

"मग कशाच्या जोरावर बोलताय? मिटलंय ते. उगाच आ बैल मला मार कशाला?"

काकांनी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि घडलं ते सगळं लिहिलं. एक प्रत चौकीत दिली. त्यांची नोकरी गेली, त्यांच्यावरचा खटला अजून चालू आहे. दुसरी प्रत घेऊन ते वॉचमनला शोधत निघाले. तो मेहुण्याकडे सापडला. खोली एकच, त्यात सात माणसं. त्याने कागद हातात घेतला आणि न वाचताच परत केला.

"हिला वाचून दाखवा," बायकोकडे बोट करत तो म्हणाला. "रोज विचारते, खरं सांगा, पुठ्ठा घातला होता का? मी नाही म्हणतो. मग ही काहीच बोलत नाही."

काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं. ती भांडी विसळत होती. निम्म्यावर तिचे हात थांबले.

"म्हणजे सतरा दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि जेवत होतात?"

काकांनी कागदाची घडी घातली.

"यांच्या पोटात घास जात नव्हता," ती म्हणाली. आता ती काकांशी बोलत नव्हती. "आणि मला वाटायचं, पाप केलंय, म्हणून उतरत नाही."

वॉचमन भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही.